मेडल सोडून शो करायचा म्हणते

पत्र थोडक्यात असं: भुसावळकडचे एक वडील लिहितात, रेल्वेत आहेत. मुलगी २२ वर्षांची, लहानपणापासून रोलर स्केटिंग करते, त्यातलं आर्टिस्टिक, म्हणजे संगीतावर उड्या आणि गिरक्या असतात ते. राज्यात मेडलं आहेत, नॅशनलला मात्र हात हलवत परत यावं लागलं. पोरीला बर्फावरचं शिकायचं होतं म्हणून वडिलांनी सुट्ट्या टाकून, पंजाब मेलनं दिल्ली गाठून तिला गुरुग्रामच्या मॉलमधल्या आइस रिंकवर शिकायला ठेवलं, त्यासाठी सोसायटीचं कर्जही काढलं. आता परदेशातल्या एका फिरत्या आइस शोनं तिला ग्रुपमध्ये घ्यायचं कळवलंय, आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, सही करायला तीन आठवडे आहेत. ती जायचंच म्हणते. वडील म्हणतात, "एवढा घाम गाळला तो खेळाडू व्हायला, आता लाइटात चमचम कपडे घालून नाचणार, ह्याला खेळ म्हणायचं का? ज्यांना स्पर्धेत जमत नाही ते शोमध्ये जातात असं ऐकून आहे. भाऊबंद म्हणतीन पोरगी तमाशात घातली का. लग्नाचं पण कसं होईल? थांबवू तर आयुष्यभर बोल लावेल, जाऊ देऊ तर मन खातं. काय करू?"

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन काळज्या एकमेकींत गुंतल्यात, पैशाची, लोकांची आणि तिसरी म्हणजे "हिचा खेळ संपला" ही. पैसे आणि लोक यांचं बघूच, पण त्या दोन्ही ह्या तिसरीच्या खुंटीला टांगलेल्या आहेत म्हणून आधी तीच घेते. तुम्ही असं धरून चाललाय की खेळ वरच्या पायरीवर, शो खालच्या, आणि मुलगी वरून खाली उतरतेय. हे तुम्ही कुठून तरी ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर स्केटिंगच्या जगातली मोठमोठी माणसंही बरीच वर्षं असंच बोलत होती, त्यामुळे तुम्हाला दोष नाही. पण बर्फावरच्या ह्या खेळाची कुंडली काढली ना, तर भलतंच दिसतं.

१८६० च्या दशकात जॅक्सन हेन्स नावाचा एक अमेरिकन होता, बॅले शिकलेला. त्या काळी स्केटिंग म्हणजे ब्लेडनं बर्फावर ठरलेल्या आकृत्या कोरायच्या, अंग ताठ, हात अंगालगत, चेहरा कोरा. हा गडी संगीतावर मोकळा होऊन नाचायला लागला. तिथल्या जाणकारांनी नाकं मुरडली, फारच नाटकी म्हणे. मग तो युरोपात गेला, व्हिएन्नात वॉल्ट्झवर स्केटिंग केलं आणि तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १८७५ मध्ये तो फिनलंडमध्ये वारला, पण त्याची तीच 'नाटकी' पद्धत पुढे जगभरच्या फिगर स्केटिंगचा पाया झाली. बसून गिरकी घेतात ती सिट स्पिन, जी तुमच्या मुलीनं सिमेंटच्या कोर्टावर गुडघे फोडून घोटली असेल, ती त्याचीच देणगी मानतात. म्हणजे तुम्हाला ज्याला 'नाच' म्हणून राग येतो तो भाग खेळात मागून घुसलेला नाहीये, आजचा खेळ त्याच्याच पायावर उभा राहिलाय.

पुढची ५०-६० वर्षं भराभर सांगते. बर्लिनची शार्लट ओल्शलेगल नावाची पोरगी १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम थिएटरात बर्फावरचा बॅले करून इतकी गाजली की नुसतं 'शार्लट' म्हटलं तरी पुरायचं. मग आली नॉर्वेची सोन्या हेनी, आणि इथं तुमच्या त्या "जमत नाही ते शोमध्ये जातात" ह्याचा निकाल लागतो. १९२७ ते १९३६ सलग १० वेळा वर्ल्ड चॅम्पियन, १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिम्पिक गोल्ड, आणि त्याच १९३६ मध्ये ही बाई प्रोफेशनल झाली, हॉलिवूडमध्ये गेली आणि स्वतःचा आइस शो घेऊन शहरं पालथी घातली. हरलेली म्हणा बरं तिला. बर्फ गुळगुळीत करायचं ते मोठं धूड असतं ना, झांबोनी, ते अगदी नवं होतं तेव्हा १९५० मध्ये तिनं आपल्या टूरसाठी बनवून घेतलं. धंदा कळत होता तिला, चांगलाच.

त्याच सुमाराला अमेरिकेत फिरते शो निघाले. आइस फॉलीज १९३६ मध्ये, आइस कॅपेड्स १९४० मध्ये, हॉलिडे ऑन आइस १९४३ मध्ये. आइस कॅपेड्सचं कारण मोठं मजेशीर आहे, ते कुणा कलाकारानं नाही काढलं, स्टेडियमवाल्यांनी एकत्र येऊन काढलं, कारण आइस हॉकीच्या मॅचेस नसतील त्या तारखांना एवढा बर्फ आणि एवढ्या खुर्च्या रिकाम्या पडायच्या. हॉलिडे ऑन आइसवाल्यांनी तर रिंकच बरोबर न्यायचा, पाइप आणि कूलिंगचं यंत्र गाडीत भरून, म्हणजे जिथं बर्फ कुणी बघितला नाही तिथंही शो लावता यायचा.

आता तुमच्या बाजूनं बोलते. ह्या शोंमध्ये नाटक असं काही फारसं नव्हतंच. पिसांचे टोप, चमचम कपडे, एका उंचीच्या पोरींची लांब रांग, मधे विदूषक, मग एखादा चॅम्पियन येऊन दोन उड्या मारून जाणार. लोकांना आवडायचं, पैसा मिळायचा, आणि कला वगैरे म्हणायची कुणाला गरजही वाटत नव्हती. तुमच्या डोळ्यापुढे जे चित्र आहे ते ह्याच काळातलं आहे, आणि ते आजही संपलेलं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या फेल्ड कुटुंबानं, जे सर्कसवाले, आइस फॉलीज आणि हॉलिडे ऑन आइस विकत घेतले आणि १९८१ पासून डिस्नेची पात्रं बर्फावर आणली, ते अजून जोरात चालू आहे. त्यामुळे "चमचम कपडे" हे तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

पण मधे एक माणूस येऊन गेला, आणि त्याची गोष्ट तुम्ही बाप म्हणून ऐकावी असं मला वाटतं.

जॉन करी, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, १९४९ चा जन्म. लहानपणी त्याला बॅले शिकायचं होतं. वडील नाही म्हणाले, पोरानं नाचायचं नाही. स्केटिंगला मात्र हो म्हणाले, कारण तो खेळ. बघा म्हणजे, एका बापानं नाच नको म्हणून खेळात घातला आणि पोरानं त्या खेळातूनच नाच बाहेर काढला. वर्षानुवर्षं त्याला ऐकवलं जायचं की फार नाजूक करतोस, पुरुषासारखं कर, हात आवर. त्यानं हात आवरले नाहीत. १९७६ मध्ये एकाच मोसमात युरोपियन, ऑलिम्पिक आणि वर्ल्ड तिन्ही टायटलं घेतली, आणि आता कुणी पायरी विचारायला नको अशा ठिकाणी पोचल्यावर हा माणूस त्या फिरत्या शोवाल्यांच्या पिसांत शिरला नाही, त्याच वर्षाच्या शेवटी लंडनच्या केंब्रिज थिएटरात स्वतःची कंपनी उभी केली. नाटकाच्या स्टेजवर पाइप अंथरून, त्यावर पाणी गोठवून.

इथं एक बारकावा आहे तो तुमच्या मुलीला लगेच कळेल. स्पर्धेचा रिंक ६० मीटर बाय ३० मीटर असतो. थिएटरच्या स्टेजवर त्याच्या पाव भागसुद्धा मिळत नाही. म्हणजे मोठ्या उडीला लागणारी धाव घ्यायला जागाच नाही, दोन पावलं जोरात टाकली की विंगेत. मग उरतं काय, तर ब्लेडच्या दोन धारा. स्केटच्या ब्लेडला खालून बारीक पन्हळ असते, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक धार, आतली आणि बाहेरची. अंग कलवून एका धारेवर झुकलं की बर्फावर वळण निघतं, जितकं जास्त झुकाल तितकं खोल. करी एका पायावर, एका धारेवर असा काही लांब जायचा की वेग कुठून येतोय ते दिसायचं नाही, आणि हात शेवटच्या बोटापर्यंत चाललेले. पंचांसाठी हे 'मधलं' असतं, एका उडीपासून दुसऱ्या उडीपर्यंत जायचा रस्ता. त्यानं तो रस्ताच नाटकाचा विषय केला. ट्वायला थार्प, केनेथ मॅकमिलन असल्या रंगमंचावरच्या बड्या कोरिओग्राफरांनी त्याच्यासाठी बर्फावरची कामं बसवली. १९७८ मध्ये ब्रॉडवे, १९८४ मध्ये त्याची कंपनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये. पैशाची ओढाताण मात्र कायम, तेही सांगून ठेवते, कारण कला झाली की पैसा येतोच असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९४ मध्ये तो गेला, पंचेचाळिशीही गाठली नाही.

मग टॉरव्हिल आणि डीन, ही ब्रिटनची जोडी. १९८४, सारायेवोचं ऑलिम्पिक, संगीत राव्हेलचं, 'बोलेरो' नावाचं. संगीत कापून कापून ४ मिनिटं २८ सेकंदांवर आलं, त्याहून कमी होईना, आणि नियमानं जास्तीत जास्त ४ मिनिटं १० सेकंद. त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं, तर वेळ मोजायची ती स्केट बर्फाला लागून चालायला लागल्यापासून. झालं, दोघं बर्फावर गुडघ्यांवर बसले आणि पहिले १८ सेकंद नुसते कमरेपासून वर हलत राहिले, ब्लेड टेकवलंच नाही. आणि तीच सुरुवात लोकांच्या डोळ्यांत राहिली, एका गोष्टीतली दोन पात्रं वाटली ती, स्पर्धक नाही वाटले. कलागुणांसाठी नऊच्या नऊ पंचांनी ६.० दिले, म्हणजे तेव्हाचे पूर्ण मार्क. मला विचाराल तर त्या दिवशी खेळानं शोला पूर्ण मार्क दिले, पण हे माझं मत झालं, पंच असं म्हणणार नाहीत.

उलटंही चालतं. बॅकफ्लिप, मागे कोलांटी, ती १९७६ मध्ये एका अमेरिकन स्केटरनं ऑलिम्पिकमध्ये मारली आणि लगेच तिच्यावर बंदी आली, ती थेट २०२४ मध्ये उठली. मधली सगळी वर्षं ती कोलांटी जिवंत कुठं राहिली तर शोमध्ये. शब्द असलेली गाणीसुद्धा सिंगल्सच्या स्पर्धेत २०१४ नंतर आली, शोवाले कधीचे वापरत होते. आता सांगा, कोण कुणाच्या पायरीवर?

आत्ताचं थोडं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल जुन्या गोष्टी सांगतेय. न्यूयॉर्कला १९८४ पासून आइस थिएटर ऑफ न्यूयॉर्क नावाची कंपनी आहे, नफ्यासाठी नाही, डान्स कंपनीसारखी चालते. रशियात त्याच्याही आधीपासून, लेनिनग्राडला १९६७ मध्येच, बर्फावर बॅले करणारी कंपनी निघाली होती. कॅनडात माँट्रियलच्या काही माजी स्पर्धकांनी २००५ मध्ये ल पातें लीब्र म्हणून ग्रुप काढला, साध्या रोजच्या कपड्यात, एक टिकली नाही, नुसती घसरण आणि त्यातून होणारी गर्दीची नक्षी. सर्क द्यू सोलेईल ह्या सर्कस कंपनीनं २०१७ मध्ये पहिल्यांदा बर्फावर शो केला, क्रिस्टल. आणि जपानचा युझुरू हान्यू, २०१४ आणि २०१८ चं ऑलिम्पिक गोल्ड, त्यानं जुलै २०२२ मध्ये स्पर्धा सोडली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोममध्ये एकट्यानं शो केला. एकटा माणूस, स्वतः लिहिलेली गोष्ट, समोर ३५,००० लोक.

एवढं सगळं सांगून मी असं म्हणत नाहीये की तुमची मुलगी उद्या करी होणार. तिला मिळालंय ते ग्रुपमधलं काम, आणि तिथं माझा तुमच्या मुलीला पण प्रश्न आहे, कारण पत्र तिनंही वाचलं असणारच. बाई, शो म्हणजे एकच प्रकार नसतो. तू जातेस तो कुठला? पात्रांचा शो असेल तर मोठं डोकं घालून त्याच्या बारीक जाळीतून बघत स्केटिंग करायचंय, खाली पाय दिसत नाहीत, शनिवार-रविवारी दिवसाला दोन-तीन शो, आणि लहान पोरांना तुझं नाव कधीच कळणार नाही. गोष्टीचा, बॅलेचा शो असेल तर रोज सकाळी क्लास, बारीक चुका, मागच्या रांगेत एका वेलीसारखं हलायचं. जहाजावरचा असेल तर (१९९९ पासून क्रूझवर पण बर्फाचे रिंक आहेत, आपल्याकडच्या पोरींना ती जाहिरात आधी दिसते) रिंक इवलासा आणि समुद्र हलला की बर्फ पण हलणार. आणि तिन्हींकडे स्पर्धेतला पांढरा सारखा उजेड नसतो, अंधार असतो आणि एक स्पॉटलाइट डोळ्यांत, उडी मारून उतरताना बर्फ कुठं आहे ते पायांना कळावं लागतं. हे सगळं माहीत असून जायचं असेल तर जा. आठ महिने गर्दीत काम करणं ह्यात कमीपणा काहीच नाही, तीच उमेदवारी. फक्त आपण 'कलाकार झालो' असं पहिल्याच दिवशी समजू नको, आणि वडिलांना पण तसं भासवू नको.

आता भाऊ, मेडलचं. कुठल्या मेडलची वाट बघताय तुम्ही, हे शांतपणे स्वतःला विचारा. चाकांवरचं आर्टिस्टिक ऑलिम्पिकमध्ये नाही. एशियाडमध्ये २०१० ला ग्वांगजौमध्ये आपल्याला त्यात दोन ब्राँझ मिळाली, पण तिथवर जायला आधी देशात पुढे यावं लागतं. बर्फाचं म्हणाल तर हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताला आजवर एकही पदक नाही, आणि वर्षभर चालणारे बर्फाचे रिंक अख्ख्या देशात बोटांवर मोजण्याएवढे. खानदेशात तर एप्रिलमध्ये पंख्याखाली बसवत नाही, बर्फ कुठला. मी तिला कमी लेखत नाहीये. बाविसाव्या वर्षी, नॅशनलमध्ये मागे राहिलेल्या, भुसावळहून निघालेल्या पोरीनं बर्फावर उभं राहून परदेशी कंपनीच्या परीक्षेत पास होणं, हाच तिचा मोठा निकाल आहे. तुम्ही त्याला निकाल धरलाच नाही म्हणून तुम्हाला सगळं वाया गेल्यासारखं वाटतंय.

तमाशाचं राहिलं. भाऊ, सारंगखेड्याच्या यात्रेत म्हणा नाहीतर आपल्या गावच्या जत्रेत म्हणा, फडाच्या कनातीत तुम्ही बसला असालच. गण-गवळण होऊन रात्री वग रंगतो तेव्हा पुढच्या सतरंजीवर कोण असतं, तर हेच आपले भाऊबंद, जे सकाळी बोलणार आहेत. त्या फडातली बाई रात्रभर नाचून-बोलून पहाटे ट्रकमध्ये बसते आणि दुसऱ्या गावी दुपारी परत उभी राहते, ताप असो काही असो. आठ महिने फिरता शो करणं ह्याच जातीची मेहनत आहे आणि ती कमी दर्जाची असेल तर मग आपण तिकीट काढून का बसतो? जळगावात जानेवारीत बालगंधर्वांच्या नावानं संगीत महोत्सव होतो, तिथं पुढची खुर्ची मिळाली तर आपण फोटो टाकतो. बालगंधर्वही नाटक कंपनीतलेच, आणि त्या काळी नाटकात जाणं घरंदाज लोकांना अजिबात पसंत नव्हतं. लोक बोलतात हो, आणि मग विसरतात, आणि मग पास मागतात. लग्नाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मीही एका ओळीत उत्तर देते, जे स्थळ ह्या कामामुळे नाही म्हणेल ते आधीच नाही म्हणालेलं बरं.

माझं मत विचारलंत तर जाऊ द्या. पण डोळे उघडे ठेवून, आणि ह्या तीन आठवड्यांत कामं करा. हे मल्लखांब, जिम्नॅस्टिक, डान्स करणाऱ्या पोरांच्या आईबापांनीही वाचावं, कारण सर्कशी, जहाजं, परदेशी शो ह्यांच्या ऑफर त्यांनाही येतात आणि फसवणारे पण तिथंच असतात.

पहिलं म्हणजे कुणी पैसे मागतंय का बघा. कंपनी कामाला घेते तेव्हा ती पैसे देते, 'सीट पक्की करायला' अमुक भरा असं म्हणाली की तिथंच थांबायचं. मधे एजंट असेल तर तो परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं, आणि जहाजाचं काम असेल तर एजन्सीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याचं, भरतीचं आरपीएसएल लायसन्स हवं, नंबर मागा, स्वतः तपासा. व्हिसा कामाचा पाहिजे. "आधी टुरिस्टवर या, मग बघू" म्हणाले तर कितीही गोड बोलोत, नाही.

कॉन्ट्रॅक्ट वहिनींसमोर, मुलीसमोर, मोठ्यानं वाचा, आणि इंग्रजीत अडलं तर वकिलाला शंभर प्रश्न विचारा, लाजू नका. पगार आठवड्याचा की शोचा, रिहर्सलच्या दिवसांचा मिळतो की नाही, राहणं-जेवण कुणाचं, जायचं-यायचं तिकीट कुणाचं आणि मधेच काढून टाकलं तर परतीचं कोण देणार. सगळ्यात महत्त्वाचं दुखापत. स्केटरचा घोटा, गुडघा, कंबर, नितंबाचा सांधा हे कधी ना कधी बोलतातच, आणि परदेशातलं हॉस्पिटल परवडणारं नसतं. विमा कंपनी काढणार का, त्यात कामावरची दुखापत धरलीय का, महिनाभर बर्फावर उतरता आलं नाही तर पगार चालू राहतो का, हे लिहून हवं, फोनवरचं तोंडी चालणार नाही. बूट आणि ब्लेड स्वतःचे न्यायचे असतात, चांगला सेट लाखाच्या आसपास जातो, त्याची झीज, धार लावणं कुणाच्या खर्चानं? वजनाची अट असेल तर ती काय आहे आणि कोण मोजतं तेही विचारा, मुली हे घरी सांगत नाहीत. आणि त्या शोमध्ये आधी काम केलेल्या एखाद्या मुलीशी बोलणं करून द्या म्हणावं, चांगली कंपनी नाही म्हणत नाही.

स्पर्धेत परत यायचा रस्ता बंद होतो का, हे तिला अजून कुठंतरी सलत असेल. पूर्वी एकदा प्रोफेशनल झालं की दार बंदच, १९९४ च्या ऑलिम्पिकसाठी ते थोडं उघडलं तेव्हा टॉरव्हिल-डीनसारखे लोक शोमधून परत तिथं आले. आता खेळाडू मोसमाच्या मधे शो करतात, पण संघटनेची परवानगी हा विषय असतोच, तर आपल्या संघटनेला आत्ताच लेखी विचारा, उत्तर पण लेखी घ्या. शिक्षण अर्धं असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पुढचं करता येईल का ते बघून ठेवा, फिरत्या कामात हॉटेलच्या खोलीत संध्याकाळ काढायला पुस्तक बरं असतं.

पैशाचं आता सोपं झालं असेल. कर्जाचा हप्ता किती आणि तिच्या हातात महिन्याला किती उरणार, हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहा. तिच्याकडून हप्ता घ्यायचा की नाही हे तुमचं घर ठरवेल, पण ते जायच्या आधी ठरवा, विमानतळावर नको. माझ्या मते काही भाग तरी घ्यावा, तिलाच बरं वाटेल.

आणि तुम्हाला एक काम. एका संध्याकाळी तिला म्हणा, मला तुझा शो दाखव, म्हणजे मोबाईलवर त्यांचा जुना व्हिडिओ असेल तो. तिला विचारा ह्यात तू कुठं उभी राहणार, कुठल्या पायावर जाणार, हे अवघड का आहे. इतकी वर्षं तुम्ही स्कोअरबोर्ड बघत होता, पाय बघितले नसतील. पत्रात तिचं म्हणणं तुम्ही "जायचंच म्हणते" एवढ्यात उरकलंय, ती का म्हणते ते कुठंच नाही. ते ऐकून घ्या आणि मग काय ठरवायचं ते ठरवा.

बाकी राज्य सरकारच्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा विचार तुमच्या मनात असणार, रेल्वेत आहात तर स्पोर्ट्स कोट्याचा पण. तिचा प्रकार आणि तिच्या मेडलची पातळी त्यात बसते का हे आधी जाहिरातीत आणि नियमात बघा, नुसतं ऐकीव धरू नका. बसत असेल तर सर्टिफिकेटांची पडताळणी आत्ताच टाका, ती इथं असतानाच, कारण ती गेल्यावर सहीसाठी नाशिकच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागतील.